पुढचं घर बघा!

जबलपूरच्या फळझाडांमध्ये दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचं नाव २०२१च्या जूनमध्ये देशभर झालं. शहराबाहेरच्या एका बागेत जपानच्या मियाझाकी जातीचे आंबे धरले होते. आदल्या वर्षी चोरी झालेली, म्हणून बागवाल्यांनी दोन झाडांच्या राखणीला चार माणसं आणि सहा कुत्री ठेवली. या आंब्याला जपानात किलोला दोन लाख सत्तर हजार मोजतात असं छापून आलं, आणि लहानपणी आपण दगड मारून किती कोटींचे आंबे पाडले याचा हिशोब गावात बरेच दिवस चालला होता.

दुसऱ्या वर्गात उरलेली सगळी झाडं. राइट टाउन, नेपियर टाउन, गढा, अधारताल, ग्वारीघाटचा रस्ता, इथल्या अंगणांतली बिही, सीताफळ, पपई, शेवगा. (बिही म्हणजे पेरू. आमच्याकडे कुणी पेरू म्हणालं की पुण्याचे पाहुणे कधी आले असं विचारतात.) यांच्या राखणीला माणूस एकच. तो बहुधा तोफगाडीच्या कारखान्यातून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेला, हातात पडद्याची जुनी दांडी, आणि गच्चीवर चढायला डॉक्टरांची मनाई. समोर माकडांची अख्खी टोळी. नागपूरकर भोसल्यांच्या हातून हे शहर १८१७ साली इंग्रजांनी काढून घेतलं, इंग्रजांकडून आपण घेतलं. माकडांकडून अजून कुणाला घेता आलेलं नाही.

टोळीचं काम जवळून पाहावं. दांडी आपटण्याची घाई नसेल तर शिकण्यासारखं पुष्कळ आहे. थोरला नर पाण्याच्या टाकीवर बसतो. तो तोडत नाही, फक्त बसतो. हा गुण आपण फार वरच्या पदांवरच्या माणसांत पाहिलेला असतो. तरुण मंडळी वायरीवरून येतात. पोटाशी पोर घेतलेली मादी सगळ्यात शेवटी येते आणि सगळ्यात चांगली बिही नेते. लाल तोंडाच्या या माकडाच्या दोन्ही गालांत जन्मजात पिशव्या असतात. आधी तोडायचं, कोंबायचं, सुरक्षित जागी जाऊन मग सावकाश चावायचं. मटाराची शेंग ते दातांत धरून शिवणीवर उसवतं, दाणे गालात जातात, टरफल तुमच्याच वाफ्यात पडतं. पपईचं मात्र तसं नाही. पपईला एक चावा, कच्ची निघाली की खाली. दुसरीला एक चावा, तीही खाली. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधणं त्याला मान्य नाही. काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर तुलनेनं सभ्य. त्याला गालाच्या पिशव्या नाहीत, पानं पचवणारं मोठं पोट आहे. ते शांतपणे शेवग्यावर बसून सगळा फुलोरा खातं, आणि तुमच्या वर्षभराच्या शेंगांचा प्रश्न एका सकाळीत निकालात निघतो.

मध्य प्रदेश सरकारनं ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत जबलपूरच्या वाट्याला मटार दिला. माणसांत या योजनेचा प्रचार व्हायला वेळ लागला. पाटण-शहपुऱ्याकडच्या माकडांना तो आधीपासून ठाऊक होता.

आता चोरीकडे येऊ. २०२१च्याच ऑक्टोबरमध्ये, आपल्याच जिल्ह्यात, मझोलीजवळच्या कटाव घाटात एक ऑटोरिक्षा वाहनांच्या कोंडीत अडकली. आत बसलेल्या माणसाकडे टॉवेलात गुंडाळलेले एक लाख रुपये होते. माकड आलं, टॉवेल घेऊन झाडावर गेलं, खायला काही निघतं का म्हणून टॉवेल झटकला आणि नोटांचा पाऊस पाडला. गोळा झाले ५६ हजार. उरलेले ४४ हजार कुणी उचलले याची चौकशी कुणी लावून धरली नाही. चोर तर झाडावर सगळ्यांना दिसत होता ना! पोलिसांनी सांगितलं, जनावरावर गुन्हा दाखल करता येत नाही. आणि त्याच दमात आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. त्या घाटात येणारे-जाणारे माकडांना खाऊ घालतात, त्यामुळे माकडं गाड्यांत शिरतात.

म्हणजे चोरी नव्हेच ती. वसुली होती.

इंडोनेशियात बाली बेटावर उलुवाटू नावाचं देऊळ आहे. तिथली माकडं प्रवाशांचे चष्मे आणि फोन पळवतात, आणि खाऊ दिला की परत करतात. कॅनडाच्या लेथब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास करून २०२१ साली निष्कर्ष छापला: जाणती माकडं माणसाला मोलाची वाटणारी वस्तू नेमकी ओळखतात आणि तिच्या बदल्यात जास्त खाऊ वसूल करतात. पोरसवदा माकडांना हे जमत नाही, वयानं येतं. हे वाचून मला माकडांपेक्षा आपल्या काही खात्यांची आठवण झाली. पण परसाईंच्या गावात राहून त्यांच्या वाट्याचं लिहिण्याचा उद्योग करू नये. हिंदीतले व्यंगकार हरिशंकर परसाई नेपियर टाउनात राहायचे आणि या विषयावर त्यांनी मागे काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आपल्या गावातला वसुलीचा शिरस्ता साधा आहे. मंगळवारी आणि शनिवारी पुण्य. स्कूटरला पिशवी लावून माणूस घाटावर नाहीतर देवळाकडे जातो, केळी, भिजवलेले हरभरे, कालच्या पोळ्या असं काहीबाही माकडांना घालतो, हात जोडतो. परत येतो तो त्याच्याच अंगणात त्याच घराण्यातलं दुसरं माकड सीताफळ फोडत बसलेलं. मग दगड. एकाच दिवसात, एकाच हातानं, एकाच जातीच्या प्राण्याला केळं आणि दगड. माकडानं यातून नेमकं काय शिकावं अशी अपेक्षा आहे? रानातल्या माकडाचा दिवस अन्न शोधण्यात जातो. घाटावरच्या माकडाचं जेवण तासाभरात उरकतं आणि उरलेला दिवस मोकळा असतो. रिकामं डोकं काय करतं हे आपण आपल्या मुलांना सांगत असतो. शिवाय पोटभर आयतं मिळालं की टोळी वाढते, हे कुठलाही प्राणीशास्त्राचा मास्तर सांगेल. वाढलेल्या टोळीचं मग केळ्यावर भागत नाही.

या बाबतीत दाद मागायला जाऊ नये, हे वाल्मीकींनी केव्हाच सांगून ठेवलंय. सीतेचा शोध लावून परतणारी वानरं वाटेत सुग्रीवाच्या राखीव बागेत, मधुवनात घुसली. मध प्यायली, झाडं ओरबाडली, राखणदारांना बडवलं. बागेचा मुख्य राखणदार दधिमुख हा खुद्द सुग्रीवाचा मामा. मार खाऊन तो तक्रार घेऊन राजाकडे गेला. राजानं ऐकून घेतलं आणि तो आनंदला! एवढा धुडगूस घालतायत म्हणजे काम फत्ते झालं असणार, असा त्यानं निष्कर्ष काढला. दधिमुखाला भरपाई मिळाल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही. आपण सगळे दधिमुखाचे वंशज. फरक इतकाच की आपला भाचा कुठेच राजा नाही.

तेव्हा जो तो आपापला बंदोबस्त करतो. आमच्या शेजारी वकीलसाहेब राहतात. १९५६ साली उच्च न्यायालय इथे आलं तेव्हापासून जबलपुरात प्रत्येकाच्या शेजारी एक वकीलसाहेब राहतात. हे सकाळी गच्चीवर उभे राहतात, टाकीवरच्या नराला “काय बड्डे, फिर आ गए?” असं आपुलकीनं विचारतात आणि सुतळीबाँब लावतात. टोळी आमच्या अंगणात येते. मी दांडी आपटतो. टोळी पलीकडे डॉक्टरांकडे जाते. डॉक्टरांकडून थाळी वाजते, टोळी मागच्या गल्लीत. मागच्या गल्लीत फटाका, की पुन्हा वकीलसाहेब. एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही नुसतं आमच्याकडे ढकलता. ते म्हणाले, “हमने तो बाउंड्री के पार कर दिया, भाऊसाहब. आगे आपका क्षेत्राधिकार.” भिकाऱ्याला आपण दारातून म्हणतो ना, माफ करा, पुढचं घर बघा. माकडनिवारणाचं आपलं सगळं शास्त्र या एका वाक्यात बसतं. उपाय कितीही नवा असो, त्याचं टोक शेजाऱ्याच्या कुंपणात जाऊन रुततं.

या शास्त्रात प्रगती मात्र बरीच आहे. दिल्लीत पूर्वी लाल माकडांना पळवायला पाळीव वानरं आणायचे. वानर पाळणं कायद्यात बसत नाही असं ध्यानात आल्यावर वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली गेली. २०१४ साली राज्यसभेत सरकारनं अशा चाळीस तरुणांची माहिती दिली. २०२३ साली जी-२० परिषदेसाठी जगभरचे पुढारी येणार म्हटल्यावर रस्तोरस्ती वानरांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे राहिले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीकडचे शेतकरी अस्वलाचा झगा घालून उसात बसले. जूनच्या उन्हात, केसाळ झगा घालून! रबरी सापही मिळतात. पहिले काही दिवस माकडं त्यांना घाबरतात, नंतर त्यांच्याशी खेळतात, आणि कामवाल्या बाई मात्र कायमच्या घाबरून राहतात.

हसण्यावारी न नेण्यासारखी एकच गोष्ट यात आहे. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, त्यात कॅल्शियम कार्बाइड, वर पाणी. ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगी दिली की बार. शेतातली माकडं आणि पाखरं हुसकवायला हे यंत्र निघालं. २०२५च्या दिवाळीत ते ‘कार्बाइड गन’ या नावानं मध्य प्रदेशात खेळणं म्हणून विकलं गेलं. बार उडाला नाही म्हणून पोरांनी नळीत डोकावून पाहिलं. शंभरावर लोकांचे, त्यातही बहुतेक मुलांचे, डोळे दुखावले. काहींची नजर गेली. मग बंदी आली. माकडं सुखरूप आहेत.

घरचे उपाय थकले की माणूस सरकारकडे वळतो. आणि या कामाला जबलपूरइतकं लायक शहर शोधून सापडायचं नाही. १९६४पासून इथे कृषी विद्यापीठ आहे, २००९पासून पशुवैद्यक विद्यापीठ, शिवाय राज्याची आणि केंद्राची अशा दोन वनसंशोधन संस्था, आणि वर उच्च न्यायालय. झाडाचा, जनावराचा, जंगलाचा आणि भांडणाचा, चौघांचाही जाणकार गावात. तरी बिहीच्या झाडासाठी फोन नक्की कुणाला करायचा हे एकाही जाणकाराला सांगता येत नाही. एका कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, माकड हा वन्यप्राणी, दुसरीकडे विचारा. दुसरीकडे विचारलं तर म्हणाले, लाल तोंडाचं ना? ते आता आमच्या यादीत नाही, पहिल्यांकडेच विचारा. पुढचं घर बघा, सरकारी आवृत्ती.

यातलं दुसरं उत्तर अगदीच थाप नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३पासून ती लागू आहे, आणि तिच्यात लाल तोंडाचं माकड संरक्षित प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडलं. वानर आत राहिलं. म्हणजे आता झाडावर नक्की कोण बसलंय ते तोंड पाहून ठरवायचं आणि मगच कायद्याचं पान उलटायचं. यादीतून निघाल्यानं माकडाला कुणी हात लावला असंही नाही. वारसाहक्कानं ते मारुतीचं आहे, आणि त्या मालकीपुढे संसदेची दुरुस्ती चालत नाही. २०२२च्या जानेवारीत आपल्याच राज्यात, राजगड जिल्ह्यातल्या दालूपुरा गावात, मेलेल्या माकडासाठी लोकांनी दीड हजार माणसांचं तेराव्याचं जेवण घातलं, त्याआधी अंत्ययात्राही काढली होती. कोरोनाचे निर्बंध होते, पोलिसांनी जेवण घालणाऱ्यांवर कारवाई केली. जिवंत माकडानं लाख पळवले तर गुन्हा नाही, मेलेल्यासाठी वरण-भात रांधला तर आहे.

कधीमधी एखादी वसाहत वर्गणी काढून पकडणारे बोलावते. हे लोक पुष्कळदा मथुरेकडचे असतात. पिंजरा, केळी, दोरी. पिंजऱ्यात केळं ठेवायचं असतं, हे विशेष. आपण ज्यावर त्याला वाढवलं त्यावरच ते सापडतं. नगावर पैसे. पकडलेली टोळी टेम्पोत घालून रानाच्या कडेला सोडायची. इथवर सगळे खूश. पण शहरात वाढलेल्या माकडाला तेंदूची पानं चघळत बसणं झेपत नाही. ते रानाच्या कडेवरून जवळच्या खेड्यात येतं. तिथल्या शेतकऱ्याकडे वर्गणी काढायला वसाहत नसते. आणि इथे रिकाम्या झालेल्या टाकीवर पलीकडच्या टोळीतला नर येऊन बसतो, कारण केळी, हरभरे आणि कालच्या पोळ्या आपापल्या वारी चालूच असतात.

महाराष्ट्रात यावर २०२५च्या अखेरीस रीतसर दरपत्रक निघालं. दहा माकडांपर्यंत दरडोई ६०० रुपये, त्यापुढे ३००, प्रत्येक माकडाचा फोटो, आणि वस्तीपासून किमान दहा किलोमीटरवर मुक्तता. कोकणातल्या बागायतदारांनी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला तेव्हा एवढं झालं, त्यांची चेष्टा करणार नाही. फक्त नकाशावर असा एक बिंदू मला दाखवा जो वस्तीपासून दहा किलोमीटर आहे. सिंधुदुर्गात? हिमाचलनं वेगळा रस्ता धरला, २००६-०७पासून माकडांची नसबंदी चालवली. काम दीर्घ पल्ल्याचं, खर्चाचं आणि निवडणुकीत दाखवायला गैरसोयीचं. सगळ्यात सरळ मार्ग धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावचा. तिथे ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्याच नावावर आहे. २०२२ साली ही गोष्ट गाजली तेव्हा सात-बाऱ्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राला पहिल्यांदा माकडाचा हेवा वाटला.

आता अंगणापुरतं काय? काही गोष्टी चालतात, त्या सांगून ठेवतो. हळद, आलं, अळू, कारलं, मिरची, पुदिना, लिंबू यांच्या नादी माकडं सहसा लागत नाहीत. सीताफळ डोळे उघडायला लागताच उतरवून धान्यात पिकवावं, झाडावर पिकण्याची हौस श्रीमंतांसाठी. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी. डोळ्यांत डोळे घालून दात दाखवू नयेत. तुमच्या मते ते हसू असतं, त्याच्या मते आव्हान. हे सगळं एका घरानं केलं तर टोळी, अर्थात, पुढचं घर बघते. गल्लीनं मिळून केलं, आणि मुख्य म्हणजे खाऊ घालणं बंद केलं, तरच तिला हे गिऱ्हाईक सोडावंसं वाटेल.

म्हणून परवा आमच्या गल्लीची बैठक झाली. वकीलसाहेब अध्यक्ष. मराठी, हिंदी, बंगाली, सगळी घरं हजर. माकडाच्या प्रश्नावर इतकी राष्ट्रीय एकात्मता मी क्रिकेटच्या सामन्यालाही पाहिलेली नाही. माकडांना कुणीही, कुठेही, काहीही खायला घालायचं नाही असा ठराव डॉक्टरांनी मांडला. आवाजी मतदानानं मंजूर झाला, टाळ्याही पडल्या. मग मागच्या गल्लीतल्या आजी म्हणाल्या, मंगळवारचं तेवढं सोडा. कुणी म्हणालं, मग शनिवारचं काय पाप? हनुमान जयंती ओघानंच आली. पितृपक्षाला हरकत घ्यायची कुणाची छाती नव्हती. ज्यांचे नवस बोललेले आहेत त्यांच्यासाठी वकीलसाहेबांनी स्वतंत्र पोटकलम घातलं, मुलांच्या परीक्षेचे दिवस डॉक्टरीणबाईंनी घातले, आणि दुरुस्त्यांसह ठराव सोमवारपासून अमलात आला.

सोमवारी त्याचं कडक पालन झालं.